डाव्या नडगीवरचा झटका

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी पेढे आणले नाहीत. त्यांनी विचारलं, "ते लोक तुझ्याकडून नेमकं काय करून घेणार आहेत?"

मला स्वतःलाच ते नीट कळलेलं नव्हतं, तरी समजावून सांगायचा प्रयत्न केला. युरोपातल्या एका डोंगराळ देशात स्कीइंग करणारे खेळाडू आहेत. पायांना लांब पट्ट्या लावून ते बर्फाच्या उतारावरून वळणं घेत खाली येतात. त्यांच्या नडग्यांवर, मांड्यांवर आणि कमरेला काड्यापेटीएवढ्या डब्या बांधतात. डबीतला सेन्सर पाय किती जोरात हलला, किती कलला, किती वेगानं फिरला हे एका सेकंदात शंभर वेळा टिपतो. ही टिपणं इंटरनेटवरून इथे येतात आणि संगणकावर लाटांसारखी दिसतात. सोबतचा व्हिडिओ बघून प्रत्येक वळण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, तिथे आम्ही खूण करायची. त्यावरून त्यांच्या प्रशिक्षकाला कळतं, कोणाचं तंत्र कुठे चुकतंय ते.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "बर्फ त्यांच्याकडे, पाय त्यांचे, शिकलेली माणसंही त्यांच्याकडे ढीगभर. मग चुका शोधायला विरारची मुलगी कशाला?"

वडील वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आगाशीपासून मनोरपर्यंतच्या बाजारांत त्यांनी लोकांचे तराजू तपासले होते. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेली वजनं, एका बाजूनं घासलेली दांडी, सगळं त्यांनी पाहिलेलं. फुलपाड्यातल्या आमच्या घरात कुठलीही वस्तू एकदाच मोजून आत येत नसे. शिवाय तो काळच तसा होता. स्टेशनच्या भिंतींवर 'घरबसल्या डेटा एन्ट्री' असे कागद चिकटवलेले असायचे आणि आमच्याच बिल्डिंगमधले एक गृहस्थ त्यात फसले होते. त्यामुळे माझ्या नोकरीच्या दुसऱ्या दिवशी वडील स्वतः वसाहतीत येऊन गेले. गाळ्यावरची पाटी वाचली, रखवालदाराशी बोलले, शेजारच्या प्लास्टिकच्या साच्यांच्या कारखान्यात चौकशी केली. संध्याकाळी मला म्हणाले, "पाटी नवी आहे. दाराचं कुलूप मात्र फारच मोठं आहे."

मी चिडले, पण दुसऱ्या दिवशी ते कुलूप मीही नीट पाहिलं.

आमच्या कंपनीचे मालक वसईच्या एका ख्रिस्ती गावातले, पन्नाशीचे गृहस्थ. आम्ही त्यांना सर म्हणायचो. बरीच वर्षं परदेशात उपकरणांच्या कारखान्यात काम करून ते परतले होते. डबीतली इलेक्ट्रॉनिक पाटी बाहेरून यायची, तिचं प्लास्टिकचं कवच आणि पायाला बांधायचे पट्टे मात्र सर इथेच बनवून घ्यायचे. जोडणी करून डब्या परत पाठवायच्या आणि बर्फाचा मोसम संपला की बॅटऱ्या बदलायला त्या पुन्हा आमच्याकडे यायच्या. लाटांवर खुणा करायचं काम त्याच ओळखीतून मिळालेलं. सर बोलायला मऊ होते, पण परदेशातला फोन आला की ते उठून बाहेरच्या पॅसेजमध्ये जात आणि दार ओढून घेत. डब्यांच्या कपाटाची किल्ली सरांच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली असे. व्हिडिओ, फाईल किंवा डबी यातलं काहीही बाहेर जाणार नाही, अशा कागदावर माझी सही घेतली होती. खेळाडूंची नावंसुद्धा आम्हाला सांगत नसत. चार नंबर, नऊ नंबर, एवढंच. व्हिडिओतही हेल्मेट आणि मोठा चष्मा. नऊ नंबर मुलगी आहे हे मला फक्त हेल्मेटखालून बाहेर आलेल्या वेणीमुळे समजलं होतं.

खुणा करायला आम्ही दोघंच होतो. दुसरे काका. नायगावच्या खाडीकाठच्या गावातले, पंचावन्नच्या आसपासचे, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. एका फार्मसी कॉलेजात ते प्रयोगशाळेत सहायक होते आणि कॉलेज बंद पडल्यावर सरांकडे आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माउस कसा धरला की मनगट दुखत नाही ते दाखवलं. "पानी पीत राहा बाय," म्हणाले, "नायतर डोले कोरडे पडतात."

मला ते आवडले होते. म्हणूनच त्यांच्यावर पहिल्यांदा संशय आला तेव्हा मी तो बरेच दिवस बाजूला ठेवला.

एक फाईल पुरी करायला मला पाऊण तास लागायचा. व्हिडिओ थांबवायचा, मागे न्यायचा, लाट बघायची, खूण करायची. काका ती वीस मिनिटांत उरकायचे. त्यांनी आपला मॉनिटर भिंतीकडे वळवलेला होता, म्हणजे माझ्या खुर्चीतून फक्त त्याची पाठ दिसे. ते पडद्याला जवळजवळ नाक लावून बसत आणि मी त्या बाजूला गेले की झटकन मागे होऊन चष्मा पुसू लागत. आणि ते व्हिडिओ उघडतच नसत. हे मला त्यांच्या संगणकाच्या गप्पपणावरून कळलं. व्हिडिओ चालू झाला की बर्फावर पट्ट्या घासल्याचा खरखरीत आवाज यायचा. माझ्या टेबलावरून तो दिवसभर येई, त्यांच्या टेबलावरून कधीच नाही.

आणखी एक गोष्ट होती. रोज लोडशेडिंग असे आणि वीज गेली की उतरत असलेली फाईल अर्धीच राही. मग तिकडे कळवून ती पुन्हा मागवावी लागे, दिवस फुकट जाई आणि सरांचा चेहरा उतरे. माझ्या यादीत दर आठवड्याला अशा दोन-तीन खराब फाईली असत. काकांच्या यादीत एकही नाही.

आम्ही एकमेकांच्या थोड्या फाईली तपासायचो. असंच एकदा काकांनी केलेली चार नंबरची फाईल उघडली आणि डाव्या नडगीच्या लाटेवर मला एक झटका दिसला. प्रत्येक उजवं वळण संपता संपता लाट गुळगुळीत खाली येण्याऐवजी टोकदार वर उसळायची आणि परत बसायची. मला वाटलं, या माणसाची लकब असेल. पुढच्या आठवड्यात नऊ नंबरची फाईल तपासायला आली. तीही काकांनीच केलेली. त्यातही डावी नडगी, उजवं वळण, तोच झटका. तेवढाच उंच, तसाच टोकदार.

चार नंबर हा सहा फुटी पुरुष. नऊ नंबर ही सडपातळ मुलगी. दोघांच्या बाकी सगळ्या लाटा वेगळ्या होत्या, मग एका नडगीचीच सारखी कशी? मी मनात जुळवणी करून टाकली. नऊ नंबरची फाईल अर्धीच उतरली असणार. पुन्हा मागवायला नको म्हणून काकांनी चार नंबरचा तुकडा त्यात चिकटवला. म्हणूनच त्यांच्याकडे कधी खराब फाईल नसते, म्हणूनच मॉनिटर भिंतीकडे, म्हणूनच व्हिडिओ नको.

दहा दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवली. एका वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे. अमुक वाजता फाईल उघडली, अमुक वाजता बंद, व्हिडिओ नाही. ती वही आज वाचायला घेतली तर मला लाज वाटेल. तेव्हा मात्र मला त्यात आपण फार कर्तव्यदक्ष आहोत असं वाटत होतं.

अकराव्या दिवशी दोन्ही लाटांच्या प्रिंट काढल्या, एकावर एक ठेवून सरांच्या केबिनमध्ये ट्यूबलाइटसमोर धरल्या आणि म्हटलं, "सर, हे बघा. काकांनी फाईली जोडल्यात."

सरांनी प्रिंट हातात घेतल्या. मग म्हणाले, "तू बाहेर थांब. त्यांना पाठव."

केबिनला काच होती. मला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. सरांनी प्रिंट काकांसमोर ठेवल्या. काकांनी कागद उचलला, लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. मला वाटलं, वेळ काढतायत. सर काहीतरी विचारत होते आणि काका मान खाली घालून उभे होते. स्वतःच्या बाजूनं ते एक शब्दही बोलताना दिसले नाहीत. पाच मिनिटांनी ते बाहेर आले, टेबलाखालचा डबा पिशवीत टाकला आणि माझ्याजवळून जाताना म्हणाले, "येतो बाय."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी घरी हे वडिलांना सांगितलं ते शाबासकी मिळेल अशा समजुतीनं. ते भाजी निवडत बसले होते. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "दोन काट्यांनी एकच चूक दाखवली, की एकाच काट्यानं दोनदा दाखवली?"

"म्हणजे?"

"त्या दोघांच्या पायाला डबी कुठली होती? तीच की वेगवेगळी?"

मला माहीत नव्हतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये फक्त खेळाडूचा नंबर दिसायचा.

"माणसाला पकडायच्या आधी आम्ही त्याचा काटा तपासायचो," वडील म्हणाले. "माणूस कुठे पळून जात नाही. त्याचं नाव एकदा खराब झालं की मात्र ते आपल्याला परत करता येत नाही."

मी त्यांच्याशी भांडले. सगळ्यांवर संशय घेणारे तुम्ही, आणि मी एकदा घेतला तर मलाच शिकवताय, असं काहीसं बोलले. ते पुन्हा जुडीकडे वळले.

पण सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी नऊ नंबरची मूळ फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. सुरुवातीला आठ-दहा ओळी माहितीच्या होत्या. त्या तिथे कायमच असणार, कधी कोणी पाहिल्या नव्हत्या. डावी नडगी, डबी क्रमांक सतरा. चार नंबरची उघडली. डावी नडगी, सतरा. मग मी जेवायलाही न उठता मागच्या सगळ्या फाईली उघडत गेले. सतरा नंबरची डबी पाच खेळाडूंच्या पायाला बांधली गेली होती आणि पाचही जणांच्या पायात तो झटका होता. नऊ नंबरच्या मुलीनं दोन दिवस बावीस नंबरची डबी लावली होती. त्या दोन दिवसांच्या लाटा स्वच्छ होत्या.

तरीही मनाचा एक कोपरा संशय सोडायला तयार नव्हता. कदाचित योगायोग असेल. कदाचित काकांनी पाचही फाईलींत तेच केलं असेल.

मोसम नुकताच संपला होता आणि डब्यांचा खोका परत आलेला होता. शनिवारी सर प्रिंटरचा कागद आणायला कपाट उघडं टाकून गेले, तेव्हा मी सतरा आणि बावीस या दोन डब्या आणि त्यांचे पट्टे माझ्या जेवणाच्या पिशवीत टाकले. प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला. ज्या कागदावर मी सही केली होती त्यातला एकही नियम मी मोडायचा ठेवला नाही. घरी येईपर्यंत मला वाटत होतं, रस्त्यातला प्रत्येक माणूस माझ्या पिशवीकडे बघतोय.

रविवारी सकाळी वडील आणि मी पापडखिंडीच्या धरणाकडच्या उतारावर गेलो. मी सलवारीवरून दोन्ही नडग्यांना डब्या बांधल्या. डावीकडे सतरा, उजवीकडे बावीस. वडिलांनी खडूनं रस्त्यावर दहा-दहा पावलांवर गोल काढले आणि मी त्या गोलांना वळसे घालत, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलत, उतारावरून धावत खाली आले. फिरायला आलेल्या दोन बायका थांबून बघू लागल्या.

"काय झालं हो मुलीला?" एकीनं वडिलांना विचारलं.

"काही नाही. तपासणी चाललीय," वडील म्हणाले. जन्मभर त्यांनी हेच उत्तर दिलेलं असल्यामुळे ते इतकं सहज निघालं की त्या बायका पुढे गेल्या.

पाच वेळा उतरल्यावर त्यांनी मला डब्या अदलाबदल करायला लावल्या. "पारडी बदलून बघायची. नाहीतर दोष पायाचा की डबीचा, कसं कळणार?" आता सतरा उजवीकडे, बावीस डावीकडे. पुन्हा पाच वेळा. मी घामाघूम झाले होते आणि माझा गुडघा सोलला होता.

घरी आलो तर वीज नव्हती. दुपारी दीडपर्यंत आम्ही दोघं बंद संगणकासमोर बसून राहिलो. वडिलांनी सतरा नंबरची डबी उचलून कानाशी धरली आणि हलवली. मग बावीस नंबरची. पुन्हा सतरा. त्यांनी ती माझ्या कानाशी आणली. आत अगदी बारीक, नख वाजावं तसा आवाज येत होता. टक.

वीज आली तेव्हा नवीन काही कळायचं उरलं नव्हतं, पण आम्ही लाटा पाहिल्याच. झटका सतरा नंबरच्या डबीबरोबर डाव्या पायातून उजव्या पायात गेला होता.

सोमवारी मी दोन्ही डब्या सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. डब्या घरी नेल्याचं ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी ड्रॉवरमधून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि सतरा नंबर उघडली. आतली इलेक्ट्रॉनिक पाटी चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसवलेली असते. त्यातली एक खुंटी मुळापासून तडकली होती. वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेलं की पाटी त्या कोपऱ्यात उचलली जायची. खुंट्या कवचाचा भाग होत्या आणि कवच आमचं होतं. शेजारच्या कारखान्यात ओतलेलं, सरांनी स्वतः पास केलेलं.

ते खुर्चीत मागे टेकून बसले. "मी त्यांना कळवतो," म्हणाले. "तोवर तू हे कोणाशी बोलू नकोस."

"आणि काका?"

"त्यांच्याशी मी बोलेन."

त्या 'तोवर'वर माझा विश्वास बसला नाही. मी त्याच संध्याकाळी नायगावला उतरले.

काकांचं घर खाडीच्या बाजूला, नव्या उंच बिल्डिंगांच्या मागे होतं. ते ओट्यावर बसले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. काकूंनी पाणी आणून दिलं. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं की सरांकडे मी गेले होते, तुम्ही फाईली जोडल्यात असं मी सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं.

काका गोंधळले. "फाईली जोडल्या? कोनी?"

"सरांनी तुम्हाला तेच विचारलं ना?"

"सरांनी कागद दाखवला. म्हनाले, यात काय दिसतंय ते सांगा. मना कायच दिसेना. मना वाटलं, सरांना डोल्याचं समजलं." त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. "हा पिकलाय. दुसरा पन धूसर झालाय. वर्ष झालं. कागदावरची बारीक रेघ नाय दिसत. पडद्यावर मोठी करून, काली करून बघतो, तेवढं जमतं. विडियो म्हंजे नुसता पांढरा धूर. कोनाला सांगितलं असतं तर ठेवलं असतं का कामावर?"

मी खाली बसले. बाकीचंही त्यांनी सांगितलं. मॉनिटर भिंतीकडे का, तर खिडकीचा उजेड डोळ्यांवर येत होता. खराब फाईल का नाही, तर ते सकाळी वीज जायच्या आत, आठ वाजता येऊन सगळ्या उतरवून ठेवत. मी साडेनऊला यायचे.

"पण व्हिडिओ न बघता वळण कसं कळायचं तुम्हाला?"

"कॉलेजात वीस वर्षं बेडकाच्या पायाचे आलेख काढलेत बाय. काजळी लावलेल्या कागदावर. स्नायू कवा जोर लावतो, कवा सोडतो, ते रेघेत दिसतं. मानसाचा पाय काय नि बेडकाचा काय."

मी विचारलं, मग तो झटका तुम्हाला कधी दिसला नाही का?

"दिसला की. पयल्या महिन्यातच. सरांना बोललो होतो, हा झटका पायाचा नाय. स्नायू असा उडत नाय. सर म्हनाले, आपल्याला वळणांच्या खुणा करायच्यात, बाकीचं ते बघतील."

नायगावहून घरी येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. काका खरं सांगत होते का? मी पुन्हा त्यांच्यावर संशय घेत होते, आणि सरांवरही, आणि दोघांपैकी एक जण खोटं बोलत असणारच असं धरून चालले होते. सर कदाचित खरंच विसरले असतील. किंवा विसरणं त्यांना सोयीचं पडलं असेल. हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मंगळवारी विचारलं, "मेल गेला का, सर?" ते म्हणाले, लिहितोय. बुधवारी म्हणाले, आज फोनवरच बोलेन. गुरुवारी ऑफिसच्या सामायिक पत्त्यावर तिकडूनच एक मेल आला. मजकूर साधा होता. आमच्या खुणांवरून नऊ नंबरच्या डाव्या पायात दोष आढळला आहे, उजव्या वळणाच्या शेवटी तिचा पाय सुटतो, तो काढण्यासाठी प्रशिक्षकांनी तिचं वळण घेण्याचं तंत्र बदलायला घेतलं आहे, तिचा उन्हाळी सराव त्यावरच आहे. पुढच्या मोसमातल्या फाईलींत सुधारणा दिसते का, ते विशेष बघावं.

मी तो तीन वेळा वाचला. कुठल्याशा डोंगरात एक मुलगी आपल्या चांगल्या पायाची चूक सुधारत होती, आणि ती चूक वसईच्या प्लास्टिकची होती.

सोमवारी मी केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. "सर, मेल आज जायला हवा. तुम्ही पाठवणार नसाल तर मी पाठवते."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही, सर."

अशी उत्तरं देण्याची मला सवय नव्हती. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्यांचं आयुष्यभराचं काम त्या कवचात होतं, हे मला कळत होतं. मग त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. न पाठवलेल्या मेलांमध्ये एक मेल लिहून ठेवलेला होता. सतरा नंबरची डबी, तडकलेली खुंटी, पाच खेळाडूंचे नंबर, सगळं त्यात होतं. तारीख शुक्रवारची होती, म्हणजे गुरुवारचा मेल आल्यानंतरची.

"बटण दाबायला हात होत नव्हता," ते म्हणाले आणि माझ्यासमोर त्यांनी ते दाबलं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. आभार, दोष नोंदवून घेतला आहे, सतरा नंबरच्या सर्व फाईली पुन्हा तपासून द्याव्यात. काम काढून घेतलं नाही. पण पुढच्या वर्षीची कवचं त्यांनी दुसरीकडून बनवून घेतली.

काकांना सर स्वतः नायगावला जाऊन घेऊन आले. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. एका ट्रस्टच्या इस्पितळात त्यांच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दीड महिन्यानं ते कामावर रुजू झाले. मॉनिटर त्यांनी सरळ ठेवला. माझ्याशी नीट वागत, पण बाय म्हणणं त्यांनी सोडलं. मॅडम म्हणू लागले. मी एकदा सांगून पाहिलं, ते हसून म्हणाले, "ऑफिसात तसंच बरं."

सतरा नंबरच्या फाईली आम्ही दोघांनी मिळून तपासल्या. मी झटके शोधून त्यांवर काट मारायची, ते खालची खरी लाट बघून खुणा नव्यानं करायचे. नऊ नंबरची पाळी आली तेव्हा त्यांनी व्हिडिओ लावला. इतके महिने ज्या पायांच्या रेघा वाचल्या, ते पाय ते पहिल्यांदाच बघत होते. मुलगी बर्फाच्या उतारावरून वळत वळत खाली आली, वेणी कधी या खांद्यावर, कधी त्या. त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला.

"पाय सरल हाय हिचा," ते म्हणाले. "पयल्यापासून सरल हाय. उगाच शिकवतायत तिला." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तिला सांगितलं असेल ना कोनी?"

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, प्रशिक्षकांना कळवलंय, ते सांगतीलच. पुढच्या मोसमात फाईली आल्या त्यात आठ नंबर होता, दहा होता. नऊ नंबर नव्हता. नंबर बदलले असतील, सर म्हणाले, दर वर्षी बदलतात. मी आठ नंबरचे व्हिडिओ पाहिले, दहाचे पाहिले, पुढच्या सगळ्यांचे पाहिले. कोणाच्याच हेल्मेटखालून वेणी दिसत नव्हती. तिनं केस कापले असतील, असं काका म्हणाले. तसंही असेल.